दारू पिऊन बसला की गाडीच सुरू होत नाही, असलं मशीन कुणी वापरलंय का? (सोलापूर)

तुळजापूर_रिटर्न

मंडळी नमस्कार. बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज अडलंय म्हणून लिहितोय. माझ्या पाच गाड्या आहेत, दोन टेम्पो ट्रॅव्हलर, दोन शाळेच्या व्हॅन, एक बोलेरो. तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर, पंढरपूर असल्या देवदर्शनाच्या ट्रिपा आणि सकाळ-दुपार शाळा. गेल्या महिन्यात, ऐन हुरड्याच्या दिवसांत, एक ड्रायव्हर रात्री पॅसेंजर सोडून परत येताना बाळ्याजवळ ट्रॅव्हलर डिव्हायडरला घासून आला. गाडी रिकामी होती ही खंडोबाचीच कृपा. पठ्ठ्या म्हणतो कुत्रं आडवं आलं मालक. मी काही न बोलता केबिनचं दार उघडून आत डोकं घातलं तर बडीशेपेचा असा भपकारा की पावशेर तरी खाल्ली असावी. माणूस सहा वर्षं माझ्याकडं आहे, त्याच्या पोरीच्या बारशाला मी जेवून आलोय, त्यामुळं लगेच काढून टाकायला जीव होईना.

आता एका विक्रेत्यानं गाठलंय. नळीत फुंकायचं, दारू नसेल तरच स्टार्टर फिरतो, नाहीतर गाडी जागची हलत नाही. एका गाडीमागं दोन चांगल्या टायरांएवढा खर्च सांगतोय आणि वर म्हणतो अमेरिकेत सगळ्या नव्या गाड्यांना हे कंपलसरी झालंय, आपल्याकडं पण येणारच आहे, आत्ताच घेऊन टाका. मला पटतंय पण आणि नाही पण. कुणी वापरलंय का, आपल्या गावच्या उन्हाळ्यात ते टिकतं का, आणि मुख्य म्हणजे माझे ड्रायव्हर लै हुशार आहेत, ते याला कसं फसवतील ते आधीच सांगून ठेवा म्हणजे झालं.

शेंगाचटणी

काय बे मालक, क्लीनरला फुंकायला लावतील की. विषय संपला. धागा चालू द्या, वाचतोय.

सर्किटमास्तर

मी डिप्लोमाच्या पोरांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. दारूचा वास आला की इंजिन लॉक, हा प्रोजेक्ट दरवर्षी किमान दोन ग्रुप घेऊन येतात, आमच्या लॅबच्या कपाटात त्याचे सांगाडे पडलेत नुसते. सगळे एमक्यू-३ नावाचा सेन्सर वापरतात. टिन ऑक्साइडचा असतो, आत बारका हीटर, दारूची वाफ लागली की त्याचा रेझिस्टन्स उतरतो. स्वस्त आहे, चालतो पण, फक्त त्याला दारू कुठली आणि सॅनिटायझर कुठलं हे कळत नाही. मागं एकदा बाहेरून आलेले परीक्षक टेबलापाशी आले, सवयीनं हाताला सॅनिटायझर चोळलं, आणि कुणी फुंकायच्या आधीच बझर बोंबलायला लागला. पोरं पांढरी पडली. सर हसले आणि मार्क दिले.

धंद्याच्या गाडीला फ्युएल सेलवालाच पाहिजे. त्यात प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर अल्कोहोलचं ऑक्सिडेशन होतं आणि जेवढी दारू तेवढा करंट निघतो. पेट्रोलची वाफ, डायबेटिसवाल्याच्या श्वासातलं ॲसिटोन असल्या गोष्टींना तो सहसा भुलत नाही. विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारा, सेन्सर कुठला. 'इम्पोर्टेड आहे साहेब' एवढंच उत्तर आलं तर चहा पाजून वाटेला लावा. दुसरा प्रश्न कॅलिब्रेशनचा. सेल हळूहळू म्हातारी होते, ठराविक महिन्यांनी माहीत असलेल्या प्रमाणाचा गॅस देऊन आकडा परत जुळवावा लागतो. ते सोलापुरात कोण करणार? का मशीन काढून पुण्याला कुरिअर करायचं, आणि ते परत येईपर्यंत गाडी दारात उभी ठेवायची? विकताना हे कुणी सांगत नाही.

उन्हाचं म्हणाल तर मे महिन्यात होम मैदानाच्या कडेला दुपारी गाडी लावून बघा, स्टेअरिंगला हात लावता येत नाही. डॅशबोर्डवर ठेवलेल्या सेलमधला ओलावा त्या कोरड्या उन्हात उडत जातो. हँडसेट सुटा होणारा असेल तर काढून सावलीत ठेवायची सवय लावा.

क्लीनरचा मुद्दा बरोबर आहे, पण मशीन बनवणाऱ्यांनी पण तो विचार केलेला असतो. चांगल्या मशीनमध्ये नुसतं फुंकून भागत नाही, फुंकता फुंकता गुणगुणायला लावतात नाहीतर फुंकून लगेच हवा आत ओढायला लावतात, म्हणजे फुग्यात भरून आणलेली हवा चालत नाही. शेजारी कॅमेरा फोटो काढतो. आणि गाडी चालू असताना मधूनच पुन्हा फुंका म्हणतं, तिथं नापास झाला तरी इंजिन बंद करत नाहीत, हायवेवर पळती गाडी बंद पाडली तर मागचा ट्रक आत शिरेल. हॉर्न आणि लायटी सुरू होतात आणि नोंद पडते.

जुना_डायव्हर

मास्तर, लॉक स्टार्टरलाच ना? मग उतारावर लावायची, सेकंडला टाकायची, क्लच सोडायचा. बॅटरी डाऊन असताना आयुष्यभर हेच केलं आम्ही. चार पोरं असली तर उतार पण नको.

सर्किटमास्तर

बरोबर. धक्का स्टार्ट अडवता येत नाही, पण फुंकल्याशिवाय इंजिन फिरलं ही नोंद मशीन ठेवतं. म्हणजे सगळं शेवटी येतं तिथंच, ती नोंद बघणार कोण. मालक महिनाभर मेमरी बघतच नसेल तर ते मशीन आणि गाडीला बांधलेली लिंबू-मिरची यात फारसा फरक नाही.

डेट्रॉइटचा_पाहुणा

मूळचा भवानी पेठेतला, आता बरीच वर्षं मिशिगनमध्ये, पोट गाड्यांच्या धंद्यावरच. विक्रेत्याची थाप आधी खोडतो. अमेरिकेत नोव्हेंबर २०२१ मध्ये पायाभूत सुविधांचा जो मोठा कायदा झाला त्यात एक कलम आहे की नव्या गाड्यांत प्यायलेला ड्रायव्हर ओळखून गाडी रोखणारं किंवा मर्यादित करणारं तंत्र असावं. पण कायद्यानं रस्तेसुरक्षा खात्याला, म्हणजे एनएचटीएसएला, फक्त तीन वर्षांत नियम बनवायला सांगितलं. खात्यानं डिसेंबर २०२३ मध्ये प्राथमिक सूचना काढली, लोकांची मतं मागवली, आणि नोव्हेंबर २०२४ ची मुदत नियमाशिवायच टळली. त्यामुळं 'कंपलसरी झालंय' हे खोटं.

आणि तिथं बोलणं चाललंय ते नळीचं नाहीच. नळीवालं मशीन इथं दारू पिऊन पकडलेल्या माणसाच्या गाडीला लावतात, त्याचे कायदे सगळ्या पन्नास राज्यांत आहेत. सरसकट सगळ्यांच्या गाडीत टाकायचं तर माणसाला काहीच करायला लागू नये अशी अट आहे. त्याच्यावर २००८ पासून डॅड्स नावाचा सरकार आणि कार कंपन्यांचा मिळून प्रकल्प चालू आहे. त्यात दोन वाटा आहेत. एक म्हणजे ड्रायव्हरच्या समोरचा सेन्सर नुसत्या सोडलेल्या श्वासावर इन्फ्रारेड टाकून मोजतो. यातली गंमत अशी की तो दारूबरोबर कार्बन डायऑक्साइड पण मोजतो, कारण श्वास केबिनच्या हवेत किती पातळ झालाय ते त्यावरून कळतं, म्हणजे मागं चार मित्र झिंगून बसलेत आणि ड्रायव्हर कोरडा आहे, तर त्याला उगाच अडकवलं जाऊ नये. दुसरी वाट बोटाची, स्टार्टच्या बटणावर बोट ठेवलं की कातडीतून प्रकाश टाकून आतली दारू ओळखायची. तिसरी वाट या प्रकल्पाबाहेरची, कॅमेरा. डोळे, मान, स्टेअरिंगचा हात बघत राहायचं. तो कॅमेरा झोप पकडतो, पण डोळे जड झालेत ते दारूनं का रात्रभर गाडी चालवून, हे त्याला नीट सांगता येत नाही. माझ्या मते धंद्याच्या गाडीला तरी दोन्हीत सारखाच धोका आहे म्हणा.

युरोपात पण सक्ती नाहीये. तिकडं जुलै २०२४ पासून नव्या गाड्यांना डुलकीची वॉर्निंग सक्तीची, दारूच्या लॉकसाठी मात्र ते जोडायची सोय गाडीत असावी एवढंच. फ्रान्सनं मोठ्या बसेसना सक्ती केलीय, जुन्या-नव्या सगळ्या, २०१५ पासून. म्हणजे सुरुवात कुठून झाली बघा, लोकांच्या घरच्या गाडीपासून नाही, पगारी ड्रायव्हरच्या बसपासून.

बे_सोलापूरकर

सगळं ठीक आहे पण आपण कुठं राहतो ते पण बघा की. २०२२ चा केंद्राचा अहवाल काढा, देशात १ लाख ६८ हजारांवर माणसं रस्त्यावर गेली, त्यातली ४४ टक्के टू-व्हीलरवरची. हे मशीन मोटारसायकलला लावणार का? अशोक चौकातनं रात्री अकराला घरी जाणारी गर्दी कशावर असते, स्प्लेंडरवर. आणि त्याच अहवालात दारूमुळं गेलेले अडीच टक्क्यांच्या आसपास, ओव्हरस्पीडचे सत्तर. एवढ्याशासाठी एवढा कुटाणा?

शिवाय आपल्या लोकांचं डोकं. सीट बेल्टचा टीं टीं आवाज बंद करायला नुसती क्लिप विकत मिळायची, २०२३ ला केंद्रीय ग्राहक प्राधिकरणानं ऑनलाइन दुकानांना ती काढायला लावली तेव्हा कुठं. टॅक्सींना स्पीड गव्हर्नर आहे, वायर कुठली कापायची ते गॅरेजवालाच सांगतो. या लॉकची पण वायर दोन महिन्यांत आसरा चौकात कुणीतरी शंभर रुपयांत काढून देईल, लिहून घ्या.

रात्रपाळी

मी कॅज्युअल्टीत काम करते म्हणून त्या अडीच टक्क्यांवर बोलते. अपघाताच्या कागदावर कारण म्हणून एकच रकाना भरला जातो. जोरात चालवत होता, तर ओव्हरस्पीड. प्यायला होता म्हणून जोरात चालवत होता, हे लिहायला आधी कुणीतरी वेळेत तपासायला पाहिजे. आणि गंभीर पेशंट आला की आमची पहिली पळापळ रक्त काढायची नसते, रक्त थांबवायची असते. पुण्याच्या २०२४ च्या पोर्शे प्रकरणात तर रक्ताचे नमुनेच बदलल्याचा आरोप झाला, तो सगळा मामला तुम्ही वाचलाच असेल. त्यामुळं आकडा लहान म्हणून प्रश्न लहान, असं मला तरी म्हणवत नाही.

आता मूळ धाग्याबद्दल. आपल्याकडं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी ८०. हा फरक मशीनच्या दृष्टीनं फार मोठा आहे. समजा मशीनची चूक दहा मिलिग्रॅम इकडंतिकडं, तर ऐंशीला ती खपून जाते, तिसाला मात्र तिसरा हिस्सा झाला. म्हणून बाहेर चांगलं चाललं म्हणजे इथं चालेल असं नाही, आपल्या मर्यादेला ते कसं वागतं ते विचारा.

पण दादा, तुमच्या शाळेच्या व्हॅनचं मला जास्त टेन्शन आहे. रात्रीचा प्यायलेला सगळ्यांना दिसतो. सकाळचा दिसत नाही. शरीर तासाला साधारण १५ मिलिग्रॅमच्या हिशोबानं दारू काढतं, त्यात लिंबूपाणी, आंघोळ, कडक चहा काही मदत करत नाही. रात्री एकला १५० वर असलेला माणूस सकाळी सहाला झोपून उठून, गंध लावून, इस्त्रीचा शर्ट घालून येतो तेव्हा अजून ७५ वर असू शकतो. मर्यादेच्या अडीच पट. आणि तो खोटं बोलत नसतो, त्याला खरंच वाटत असतं की उतरली.

दोन_मुलांची_आई

बापरे. माझी दोघं अशाच व्हॅननं जातात, जुळे सोलापूरवरून. आता उद्या सकाळी त्या काकांच्या तोंडाचा वास घेऊ का काय मी?

माझी दुसरी शंका अशी की मशीन चुकलं तर? हजारात एकदा जरी चुकीचं लॉक झालं आणि आपल्या गावात रोज लाखभर वेळा गाड्या सुरू होत असतील असं धरलं, तर रोज शंभर माणसं विनाकारण अडकली. त्यात रात्री एकटी बाई असेल, कुणाला साप चावलेला असेल. मला लॉक हवंय पण दुसऱ्याच्या गाडीत हवंय, खरं सांगायचं तर.

शेंगाचटणी

ताई, शेवटचं वाक्य फ्रेम करून लावतो.

हुरडा_किंग

अवांतर: दारूबंदीच करून टाका ना. २०२१ ला ग्रामीण पोलिसांनी ऑपरेशन परिवर्तन केलं, तांड्यांवरच्या हातभट्ट्या बंद करून लोकांना दुसरे धंदे लावून दिले, तसं सगळीकडं करा. आणि हायवेवरचे ढाबे आधी बघा, जेवण मागितलं की 'बसायचंय का' विचारतात. बसलोच आहे की बे खुर्चीत.

लोकोकाका

मी रेल्वेतून लोको पायलट म्हणून रिटायर झालो. सोलापूर ते दौंड, सोलापूर ते वाडी, आयुष्य त्यात गेलं. आमच्याकडं हा प्रश्न फार आधी सोडवलाय आणि इंजिनाला एकही लॉक न लावता.

ड्युटीवर आलं की आधी लॉबीत जायचं. तिथं साइन ऑन करताना मशीनमध्ये फुंकायचं, फोटो निघतो, आकडा कॉम्प्युटरमध्ये जातो. शून्य आला तरच पुढचे कागद मिळतात. काम संपवून साइन ऑफ करताना परत फुंकायचं. पॉझिटिव्ह आला तो त्या दिवशी इंजिनाकडं जात नाही, पुढचं सगळं वेगळं. इंजिनाला काही माहीत पण नसतं. माणूसच तिथपर्यंत पोचत नाही.

आणि चुका होतात. माझ्या बरोबरीच्या एकानं खोकल्याचं होमिओपॅथीचं औषध घेतलं होतं, लॉबीत आकडा आला, बिचारा माळकरी माणूस, घाम फुटला त्याला. लॉबीतल्या साहेबानं चूळ भरायला लावली, वीस मिनिटं बाकड्यावर बसवलं, परत फुंकायला लावलं. शून्य. तोंडातली दारू वीस मिनिटांत जाते, रक्तातली जात नाही. आसव-अरिष्टांचं तेच, द्राक्षासव घेऊन लगेच फुंकाल तर येणारच. २०२५ च्या जुलैत केरळच्या एसटीच्या पंडलम डेपोत ड्रायव्हर फणस खाऊन अडकले होते, पेपरात आलं होतं. तिथं पण शंका आल्यावर दुसऱ्याला फणस खायला घालून खात्री केली म्हणे. गाडीतलं मशीन एवढं शहाणपण कुठून आणणार? ते फक्त लॉक करणार आणि ड्रायव्हर वायर शोधणार.

तुमच्या पाच गाड्या एकाच आवारातून निघतात ना? मग किल्ल्या घरी ठेवा. एक हातातलं चांगलं मशीन घ्या, एक वही घ्या. फुंकला, आकडा लिहिला, सही केली, किल्ली घेतली.

सर्किटमास्तर

काका, साष्टांग. पाच सेलच्या जागी एकच सेल, सावलीत, कॅलिब्रेशनला पाठवायचं झालं तर पण एकच. मी तांत्रिक बाजूनं दहा ओळी लिहिल्या आणि हे सुचलं नाही.

बे_सोलापूरकर

हे पटलं. फक्त एक, मुक्कामाच्या ट्रिपला काय करणार? हैदराबादला रात्र काढली तर सकाळी वही कुठं आहे?

तुळजापूर_रिटर्न

सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहितोय कारण आधी करून बघायचं होतं.

विक्रेत्याला सेन्सर विचारला, त्यानं 'जर्मन टेक्नॉलॉजी' सांगितलं. कॅलिब्रेशनचं विचारल्यावर म्हणाला त्याची गरज पडत नाही. मास्तरांचं ऐकून चहा पाजला आणि वाटेला लावला. मग दुसरीकडून फ्युएल सेलचं हातातलं मशीन आणलं, कॅलिब्रेशनची तारीख मागं स्टिकरवर आहे. किल्ल्यांचा बोर्ड ऑफिसातून काढून घरात देवघराशेजारी लावला आणि वही आईकडं दिली. आई तशीही पाचला उठलेली असते. ड्रायव्हर तिला मावशी म्हणतात. माझ्यापुढं खोटं बोलायला त्यांना काही वाटत नाही, पण सोवळं नेसून कोपऱ्यात बसलेल्या बाईपुढं नळीत फुंकायचं म्हणजे सगळ्यांच्या माना खाली.

पहिल्या आठवड्यात कटकट झाली. एक जण तोंडात मावा धरूनच फुंकायला लागला, मुखनळी सगळी लाल, आईनं त्याला नळावर पाठवलं, चूळ भरायला लावली आणि नवी मुखनळी लावताना पाच मिनिटं बोलली. एक ड्रायव्हर 'विश्वास नाही तर काम नाही' म्हणून सोडून गेला, ऐकतो की दुसऱ्या ट्रॅव्हल्सवर लागलाय. त्याचा मला पश्चात्ताप नाही, पण ज्यांच्या गाडीवर तो आता आहे त्यांचा विचार मनात येतो. आणि ताईंनी, रात्रपाळीवाल्या, सांगितलं तेच खरं निघालं. तीन आठवड्यांत दोनदा आकडा आला आणि दोन्ही वेळा सकाळी सहाला, शाळेच्या व्हॅनवर, आंघोळ करून आलेल्या माणसाचा. रात्री परत येणारा एकही सापडला नाही. मी स्वतः दोन्ही दिवस व्हॅन घेऊन गेलो, पोरं म्हणाली आज नवीन काका.

मुक्कामाचं उत्तर अजून पूर्ण मिळालेलं नाही. सध्या मुक्कामाच्या ट्रिपला मशीन बरोबर देतो आणि सकाळी व्हिडिओ कॉलवर फुंकायला लावतो, पण त्या दिवशी घरच्यांना मशीन उरत नाही. लांब जाणाऱ्या त्या दोन ट्रॅव्हलरना गाडीतलंच लॉक लावायचा विचार आहे, धक्का स्टार्टची नोंद मोबाइलवर येणारं मिळालं तरच.

बडीशेपवाला अजून आहे. आकडा रोज शून्य. बडीशेप पण बंद.

शेंगाचटणी

मालक, सगळं झकास. पण माझ्या क्लीनरच्या शंकेचं काय झालं?

तुळजापूर_रिटर्न

आईनं गेल्या सोमवारी सहज म्हणून त्याला पण फुंकायला लावलं. वहीत सगळ्यात मोठा आकडा त्याचाच आहे.